तार, बाबा आणि चौथ्या मजल्यावरची म्हैस

माझे सासरे तार खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन दिल्लीला आले आणि इथेच निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी ते खातंच बंद पडलं. त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, पण ते तसं म्हणायचे नाहीत. "लोकांना आता जास्त बोलायचं असतं," एवढंच म्हणायचे.

आम्ही द्वारकेत राहतो. मी मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. रोज सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि दिवसभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करते. नवऱ्याची पोस्टिंग सध्या पानिपतला, तो महिन्यातून एखादी सुट्टी मिळाली की येतो. त्यामुळे एरवी घरात आम्ही तिघं: मी, बाबा आणि आई, म्हणजे सासूबाई. आई आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी एक एकांकिका लिहितात, बसवतात आणि मुख्य भूमिकाही स्वतःच करतात. बाबा त्या नाटकाला आवाज पुरवतात. नुसती बटणं दाबत नाहीत, आवाज गोळा करतात. हातात फोन धरून भाजीवाल्याच्या मागे चालतात. एकदा सोसायटीच्या बागेतला मोर ओरडावा म्हणून सकाळभर बाकावर बसून राहिले होते. मोर ओरडला, पण नेमका त्याच क्षणी सोसायटीचा गार्ड म्हणाला, "अंकल, चाय?" मंडळाच्या त्या वर्षीच्या नाटकात, जंगलाच्या प्रवेशात, नीट कान दिला तर ते "चाय" ऐकू येतं.

या आवाजांसाठी मी बाबांना घरातला जुना लॅपटॉप दिला होता. तो इतका म्हातारा होता की त्यावर नेहमीचं काही चालेना, म्हणून त्यात लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी यंत्रणा घातली. डिसेंबरातल्या एका रविवारी बाबा तक्रार घेऊन आले.

"अगं, हा म्हणतोय जागा संपली."

मी बघितलं. गेल्या वर्षीच्या नाटकाचे आवाज, त्याच्या आधीच्या वर्षीचे, सगळे वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेले. मी काळी खिडकी उघडली आणि म्हटलं, "प्रत्येक वर्षाचं बांधून, दाबून एकेका फाइलीत ठेवू या, आणि मग मोकळं पसरलेलं काढून टाकू." आणि टाइप केलं: tar.

बाबा खुर्चीवर पुढे सरकले. "तार?"

"टार, बाबा. त्या कमांडचं नाव आहे."

"टी, ए, आर. तारच की!"

"टेप आर्काइव्ह. टेपवर साठवायच्या जमान्यातली आहे."

"जुनी आहे?"

"खूप."

"आणि अजून चालू आहे?"

"मानेसरला रोज चालवते मी."

बाबांनी नाकावरचा चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

त्या दिवसापासून त्यांची शिकवणी सुरू झाली. मी दिल्लीतच वाढलेली, माझं मराठी अर्धं हिंदी, अर्धं ऑफिसचं. मी म्हणायचे, "बाबा, आता हे एक्सट्रॅक्ट करायचं." स्वयंपाकघरातून आई विचारायच्या, "म्हणजे मराठीत काय करायचं?" मला काही सुचायचं नाही. शेवटी बाबांनीच ठरवलं. फायली एकत्र करायच्या म्हणजे गाठोडं बांधायचं, आणि बाहेर काढायच्या म्हणजे गाठोडं सोडायचं. सी लिहिलं की बांध. एक्स लिहिलं की सोड. झेड म्हणजे वर बसून दाब, जागा कमी लागेल. टी म्हणजे न सोडता नुसतं आत डोकावून बघ. एफ म्हणजे आता गाठोड्याचं नाव सांगतो, ऐक. आणि व्ही म्हणजे काम करताना तोंडाने बोलत राहा.

व्हीवर त्यांचा विशेष जीव. त्याचं कारण असं की टार काम झालं तरी काही सांगत नाही. सगळं ठीक असलं की गप्प. पहिल्यांदा त्यांनी गाठोडं बांधलं तेव्हा पडद्यावर काहीच उमटलं नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. बाबा वाट बघत बसले.

"झालं बाबा," मी म्हटलं.

"कशावरून? पोचपावती कुठाय?"

मग मी व्ही शिकवला. व्ही घातला की बांधलेल्या प्रत्येक फाइलीचं नाव पडद्यावरून सरकत जातं. बाबा हात बांधून ती नावं शेवटापर्यंत बघायचे, परेडची सलामी घेतल्यासारखे.

एकदा घाईत त्यांनी गाठोड्याचं नाव लिहिलं, पण आत काय बांधायचं तेच लिहायचं राहिलं. मी पोळ्या लाटत होते, तर बाहेरून आवाज आला, "हे मला भित्रा म्हणतंय!"

मी पिठाच्या हातानेच धावत गेले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा की रिकामं गाठोडं बांधायला मी भित्रेपणाने नकार देत आहे.

"ते तुम्हाला नाही बाबा, स्वतःला म्हणतंय भित्रं."

"स्वतःला?" त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "कोणी लिहिलं असेल हे?"

"असेल कोणीतरी प्रोग्रामर. गंमत केली असेल."

"सरकारी नोकरीत नसणार," बाबा म्हणाले आणि दिवसभर मधेमधे हसत राहिले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाबांना बांधायची चटक लागली. नाटकांचे आवाज झाले, मग फोटो, मग विजेची बिलं. बांधलं की ते मूळ फायली शिस्तीत काढून टाकायचे, कारण मीच तसं शिकवलं होतं. एका दुपारी आईंना लोणच्याचा मसाला करायचा होता. त्याचं प्रमाण त्यांनी बहिणीकडून लिहून घेऊन, फोटो काढून लॅपटॉपवर ठेवलेलं होतं.

"अहो, माझा लोणच्याचा कागद कुठाय?"

"बांधलाय."

"मग सोडा."

"कुठल्या गाठोड्यात आहे ते बघावं लागेल. टी लावून."

"टी लावा नाहीतर कॉफी लावा, मोहरी भाजून थंड झालीय माझी!"

ते प्रमाण शेवटी 'किरकोळ' नावाच्या गाठोड्यात सापडलं. आपल्या बहिणीचं लोणचं किरकोळमध्ये टाकलं, याचा राग आईंना मसाला कुटून होईपर्यंत पुरला.

त्या वर्षीची एकांकिका आईंनी जरा गंभीर लिहिली होती. दिल्लीतल्या एका फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर राहणारी एक बाई. मुलगा परदेशात. त्याचा फोन येणार म्हणून ती दिवसभर वाट बघते. शेजारीण येते, कुकर होतो, रेडिओ लागतो, आणि अगदी शेवटी फोन वाजतो. ती उचलते की नाही हे दाखवायचं नाही, तेवढ्यात पडदा. गेल्या वर्षीचं नाटक गावाकडचं, धमाल विनोदी होतं. "या वर्षी लोकांना रडवायचंय," आईंनी पहिल्याच तालमीला जाहीर केलं.

बाबांनी आवाज जमवले. आमच्याच दाराची घंटा, आमचाच कुकर, कोणाकडून तरी मिळवलेला जुना रेडिओ, आणि जुन्या काळ्या फोनची खणखणीत घंटा. फायलींना नावं काय, तर एक, दोन, तीन, चार. नाटकात जो आवाज आधी येतो तो एक. ही त्यांची अनेक वर्षांची पद्धत. आणि त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये, ज्याचं नाव 'नाटक'. दरवर्षी फोल्डरचं नाव 'नाटक'च असायचं, वर्ष फक्त गाठोड्याच्या नावात. रंगीत तालीम उत्तम झाली. घरी येऊन बाबांनी सवयीप्रमाणे त्या फोल्डरचं गाठोडं बांधून ठेवलं, या वेळी फायली मात्र मोकळ्याही राहू दिल्या, कारण दुसऱ्या दिवशी लागणार होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की बाल्कनीतून समोरची इमारत दिसत नव्हती. आम्ही मेट्रोने करोल बागेला उतरलो आणि तिथून रिक्षाने भाड्याच्या हॉलवर पोचलो. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी. नाटकातल्या बायकांनी साड्यांच्या आत स्वेटर घातलेले, त्यामुळे सगळ्याच जरा गुबगुबीत दिसत होत्या. हळदीकुंकू झालं, तिळगूळ वाटून झाला, लोक शाली लपेटून खुर्च्यांवर बसले. मी तिसऱ्या रांगेत. बाबा विंगेत, छोट्या टेबलावर लॅपटॉप घेऊन. पडदा वर जायच्या आधी कडेच्या फटीतून मला ते दिसले. त्यांनी मला अंगठा दाखवला.

पडदा उघडला. सनईचा एक छोटासा तुकडा वाजला. तालमीत तो नव्हता. छान वाटला, पण मला आश्चर्यही वाटलं. स्टेजवर आई खुर्चीत बसून विणत होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, उसासा टाकला. हॉल एकदम शांत झाला. आता दाराची घंटा वाजणार आणि शेजारीण येणार.

म्हैस हंबरली.

साधीसुधी नाही, चांगली लांबलचक, शेवटी सूर खाली आणत हंबरली. ती नजफगढजवळच्या एका गोठ्यातली म्हैस होती. मी ओळखलं, कारण गेल्या वर्षी तिला रेकॉर्ड करायला मीच बाबांना गाडीने नेलं होतं.

सगळ्या हॉलचा श्वास अडकला. आईंचे हात विणता विणता थांबले. त्यांनी विंगेकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आली वाटतं शेजारीण."

सगळा हॉल हसत सुटला. माझ्या शेजारच्या काकूंच्या हातातून तिळगुळाची पुडी उडाली. आणि त्या हसण्यात, ठरल्याप्रमाणे, दारातून शेजारीण आली. ती भूमिका करणाऱ्या बाई मंडळाच्या माजी अध्यक्ष. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण त्याही जुन्या खेळाडू. "बेल बदलली वाटतं तुम्ही," त्या कडक आवाजात म्हणाल्या.

"हो ना. दुकानदार म्हणाला, लेटेस्ट आहे."

पुढचे संवाद कसेबसे रुळावर आले. मी मात्र खुर्चीच्या टोकावर होते. दोन नंबरला कुकरची शिट्टी होती. आईंनी स्वयंपाकघराकडे मान वळवली, "अगंबाई, माझा भात..." आणि एसटीचा हॉर्न वाजला. मागून कंडक्टरची डबल घंटीही.

आई थबकल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "चौथ्या मजल्यापर्यंत येते हल्ली. लिफ्ट बंद असली तरी."

एव्हाना मी उठले होते. लोकांचे पाय तुडवत, "सॉरी, सॉरी, जरा जाऊ द्या" करत बाजूच्या दाराने विंगेत पोचले. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. चेहरा पांढरा पडलेला.

"अगं, मी एकच दाबलं. बिल्कुल एकच दाबलं. आणि म्हैस!"

"बाबा, ती सनई कुठून आणलीत?"

"गेल्या वर्षीच्या गाठोड्यातून. तिकडे ती पाच नंबरला होती. सकाळी वाटलं, सुरुवातीला जरा सनई असावी. म्हणून ते गाठोडं सोडलं. सगळी नावं नीट आली पडद्यावर, मी बघितली ना. एक, दोन, तीन..."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या गाठोड्यात 'नाटक' नावाचं फोल्डर, त्यात एक, दोन, तीन. नव्या फोल्डरचं नावही 'नाटक', त्यातही एक, दोन, तीन. टारने जुनं सोडताना त्याच नावाच्या नव्या फायलींवर जुन्या फायली निमूटपणे लिहून टाकल्या होत्या. तो विचारत नाही. त्याला सांगितलं सोड, त्याने सोडलं.

"म्हणजे माझी घंटा गेली?" बाबांनी विचारलं. "कुकर? फोन?"

"काल रात्री झोपायच्या आधी गाठोडं बांधलं होतं ना तुम्ही?"

"बांधलं तर."

"ते आहे?"

"असणारच. मी गाठोडी कधी काढून टाकत नाही."

स्टेजवर तिसरा आवाज यायची वेळ झाली होती. रेडिओ. मी बाबांचा हात धरला. "दाबू नका." तिकडे आईंनी रेडिओचं बटण फिरवलं. काहीच वाजलं नाही. त्यांनी रेडिओला एक चापट मारली आणि म्हणाल्या, "बरं झालं. काय वाजलं असतं कोण जाणे." पुन्हा हशा. पहिला प्रवेश संपला, दिवे गेले. स्टेजवर खुर्च्या हलवायला लागल्या. आमच्याकडे तेवढाच वेळ होता.

मी काळी खिडकी उघडली. थंडीने बोटं आखडली होती, दोनदा चुकीचं टाइप झालं. बाबा माझ्या खांद्यावरून वाकले. "आधी टी," ते हळूच म्हणाले. "सोडू नको. आधी आत बघ. आणि व्ही लाव, तारखा दिसतील."

बरोबरच होतं. मी टी लावला, व्ही लावला. एक, दोन, तीन, चार, आणि प्रत्येकापुढे कालची तारीख. बाबांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की विंगेतला पडदा हलला.

"आता एक्स," मी म्हटलं.

"थांब. मी दाबतो."

मी बाजूला झाले. त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर लिहिलं, वाचलं, पुन्हा वाचलं. दिवे यायच्या बेतात होते. त्यांनी एंटर दाबला. नावं सरसर सरकली. जितक्या निमूटपणे टारने जुनं नव्यावर लिहिलं होतं, तितक्याच निमूटपणे आता नवं जुन्यावर लिहिलं. मी कानाला हेडफोन लावून चार नंबर ऐकला. फोन खणखणला.

दुसरा प्रवेश सुरू झाला तेव्हा लोक अजून हसण्याच्या तयारीत होते. आई पुन्हा खुर्चीत. बाहेर अंधार पडल्याचा निळा दिवा. त्या लोकर गुंडाळत होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी बारीक "म्हँ" केलं, दोनचार जण हसले. आईंनी लक्ष दिलं नाही. गुंडाळत राहिल्या. हळूहळू हॉल निवला. मग ती बाई दूरच्या मुलाशी एकटीच बोलते तो भाग आला. त्यात ती त्याला स्वेटरचं माप विचारते, कारण तो शेवटचा भेटला त्याला फार दिवस झालेत आणि तो आता किती रुंद झालाय हे तिला माहीत नाही. तालमीत मी हे कितीदा ऐकलं होतं. तरीही मी विंगेत उभी राहून नाक ओढत होते.

बाबांनी बटणावर बोट ठेवलं. आईंनी हात थांबवले.

फोन वाजला. कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा वाजला. आईंनी त्याच्याकडे बघितलं, उठायला लागल्या, आणि पडदा पडला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. पण आई विंगेतून सरळ मेकअपच्या खोलीत गेल्या, बाबांकडे न बघता. बाबा लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले. एकदा गुंडाळून झाली की सोडायचे आणि परत गुंडाळायचे.

चहाच्या वेळी मंडळाची कमिटी एका कोपऱ्यात जमली. सेक्रेटरींनी आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू येईल इतपतच खाली आणून, म्हटलं, "पुढच्या वर्षी साउंड बाहेरच्या माणसाला देऊ या. प्रोफेशनल. इथे करोल बागेतच मिळतो. आता यांचंही वय झालंय यार."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी काही बोलणार, तेवढ्यात आई मधे आल्या. तोंडाला अर्धा मेकअप तसाच.

"कोणाचं वय झालंय?"

"तसं नाही वहिनी, पण आज जे झालं..."

"आज काय झालं? तुम्ही हसलात. मग तुम्ही रडलात, मी बघत होते, तुम्ही रुमाल काढला होता. तुमच्या प्रोफेशनलने दोन्ही केलं असतं?"

"पण ती म्हैस..."

"म्हशीचं आमचं आम्ही घरी बघून घेऊ. साउंड हेच करतील."

सेक्रेटरी "अच्छा, अच्छा" म्हणत वडे घ्यायला निघून गेले. माजी अध्यक्ष बाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला मात्र पुढच्या वेळी जरा बरी बेल द्या."

मेट्रोत आई बाबांच्या शेजारी बसल्या, पण मधे पर्स ठेवून. राजौरी गार्डन गेलं, जनकपुरी गेलं. उत्तम नगरच्या आसपास त्यांनी पर्समधून तिळाची वडी काढली, अर्धी तोडून बाबांच्या हातावर ठेवली. "एकदोनतीन," त्या म्हणाल्या. "फायलींना कोणी असली नावं देतं का?"

"सोपी पडतात."

"म्हशीला आणि माझ्या दारावरच्या घंटेला एकच नाव?"

बाबा वडी खात राहिले.

पुढच्या रविवारी मी उठून बाहेर आले तर दोघं लॅपटॉपसमोर बसलेले. मधे चहाची किटली, पायाशी हीटर. आईंनी प्रत्येक वर्षाचं फोल्डर वेगळ्या नावाने करायला लावलं होतं, आणि आता एकेक आवाज ऐकून त्याचं नाव ठरवत होत्या.

"इतकी वर्षं मी यांना नावं ठेवली," मला बघून त्या म्हणाल्या, "आता यांच्या फायलींना ठेवतेय."

बाबांनी कुकर लावला. म्हणजे वाजवला.

"लिहा, कुकरची शिट्टी."

"सीटी लिहितो. लहान आहे."

"सीटी हिंदीत. मराठीत शिट्टी."

"अगं, पण मधे जागा सोडलेली चालत नाही टारला, दोन शब्द वेगळे समजतो. 'कुकरचीशिट्टी' असं जोडून लिहावं लागेल."

"जोडून? हे मराठी आहे का?" आईंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं, तुझ्या कारखान्यात काय करतात?"

मी म्हटलं, मधे खाली एक रेघ देतात. आईंना ती रेघ अजिबात आवडली नाही. बाबांना ती फार आवडली. मी माझा चहा ओतून घेतला आणि बाल्कनीत गेले. आतून बराच वेळ कुकर वाजत होता.